हैदराबादची कॉलेजवारी: फी, शिष्यवृत्ती आणि कागदपत्रं

लेकीला बारावीनंतर अर्थशास्त्रात पाच वर्षांचा एकत्रित एमए करायचाय. मुंबईबाहेर पाठवायचं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो खर्चाचा, म्हणून हैदराबादला प्रत्यक्ष जाऊन आलो. आता माझं मत ठाम झालंय: आधी मूळ फी बघा, शिष्यवृत्तीचा टक्का नंतर.

सीएसएमटीहून रात्री हुसेनसागर एक्सप्रेस सुटते, दादर-कल्याणलाही चढता येतं. हैदराबाद विद्यापीठात जायचं असेल तर शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊ नका, लिंगमपल्लीला उतरा. तिथून विद्यापीठ आहे त्या गच्चीबोवलीला रिक्षा मिळते. आवार प्रचंड मोठं, तेव्हा पायात चालायच्या चपला हव्यात. हे केंद्रीय विद्यापीठ, प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर. तुम्ही कुठल्या राज्याचे याने फीत फरक पडत नाही.

ऑफिसातल्या माहितीपेक्षा मेसबाहेर भेटलेल्या लातूरच्या मुलीकडून जास्त कळलं. तिने फोनवर मेसचं बिल उघडून दाखवलं. महिन्याचा प्रत्यक्ष खर्च जेवणाऱ्यांत वाटलेला, आणि ती घरी गेली होती त्या दिवसांचे पैसे वजा. "काकू, हॉस्टेल कधी मिळतं ते नक्की विचारा," असंही तिने बजावलं. तुम्हीही विचारा, कारण बाहेर खोली घ्यावी लागली तर सगळा हिशेब कोलमडतो.

शहराबाहेरच्या एका खासगी विद्यापीठातही गेलो. "मॅडम, फिफ्टी पर्सेंट स्कॉलरशिप पक्की, आजच सीट ब्लॉक करा," असा तिथल्या समुपदेशकांचा लकडा. सवलत फक्त ट्यूशन फीवर. हॉस्टेल, मेस, परीक्षा शुल्क पूर्ण. शिवाय ठरावीक सीजीपीए, म्हणजे गुणांची सरासरी श्रेणी, टिकला नाही तर सवलत बंद, हे माहितीपत्रकाच्या मागे बारीक अक्षरात. लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा मला खरंच राग आला. पालकांकडून घाईघाईत पैसे भरून घेणं बरं नव्हे. निम्मी फी धरूनही पाच वर्षांची बेरीज केंद्रीय विद्यापीठाच्या कितीतरी वर जात होती.

वेळ असेल तर इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठही बघा, भाषांसाठी उत्तम. रायदुर्गहून निळ्या मेट्रोने थेट तारनाका.

आता पैशांचं. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्रीय शिष्यवृत्ती राज्याबाहेरच्या कॉलेजातही चालते. आपापल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे पहिल्या वीस टक्के मुलांत, आणि कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पदवीची तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये. एकत्रित अभ्यासक्रमात चौथ्या-पाचव्या वर्षी २०,०००. ती चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि सोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांनी केंद्राचीच इन्स्पायर शिष्यवृत्ती बघावी, वर्षाला ८०,०००. कर्ज लागलंच तर केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शिक्षणकर्ज योजनेत तारण-जामीनदार लागत नाही. मात्र संस्था त्यांच्या यादीत हवी. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती मात्र राज्यातल्या कॉलेजांसाठी आहे. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४पासून मिळणारी फीमाफीही बाहेर गेलात की हातची जाते. इंजिनीअरिंगवाल्यांनी ही रक्कम हिशेबात धरावीच.

कागदपत्रांना आधीच लागा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. ओबीसी नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस हे दोन्ही केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढून घ्या, राज्याच्या नमुन्यातले तिथे चालत नाहीत. राज्याच्या मराठा आरक्षणातला एसईबीसीचा दाखलाही केंद्रीय विद्यापीठात उपयोगाचा नाही. बोर्ड सोडून दुसरीकडे प्रवेश घ्यायला लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट बोर्डाकडून घ्यावं लागतं आणि मुंबई विभागाचं ऑफिस वाशीला आहे. निकाल लागला की कॉलेजात त्याची चौकशी लगेच करा, प्रवेशाच्या आठवड्यावर ढकलू नका.