माइकसमोरून कॅमेऱ्यासमोर: गप्प राहण्याचं कसब

रेडिओवर चार-पाच सेकंद काहीच ऐकू आलं नाही की ऐकणाऱ्याचा हात सुई फिरवायला जातो. स्टेशन गेलं किंवा सेल संपले, एवढंच त्याला वाटतं. म्हणून रेडिओच्या माणसाच्या अंगात एक सवय मुरते: जागा रिकामी सोडायची नाही. तोच माणूस टीव्हीवर गेला की नेमकी हीच सवय त्याला आडवी येते.

आपल्याकडे ही ये-जा खूप झाली, कारण घर एकच होतं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक टीव्ही सुरू झाला तो आकाशवाणीचाच भाग म्हणून. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं आणि दूरदर्शन वेगळं झालं ते थेट १ एप्रिल १९७६ ला. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतूनच टीव्हीकडे गेले. भक्ती बर्वे मुंबई आकाशवाणीवर निवेदिका होत्या, पुढे दूरदर्शनवर बातम्या देऊ लागल्या.

बातम्यांचं स्थित्यंतर त्यातल्या त्यात सोपं. रेडिओवर तोंड माइकपासून साधारण वीतभर, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत आदळून ‘धप्’ असा आवाज येतो. कागद एकाच बाजूला लिहिलेले, टाचणी काढलेले. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, हलकेच बाजूला सरकवायचं, कारण कागदाची सळसळ माइक इमानदारीने पकडतो. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. मराठीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द हा धोपट वेग, म्हणजे पाच मिनिटांना पाच-सहाशे शब्द.

टीव्हीवर माइक छातीशी लावलेला असतो. मान एका बाजूला वळवली की आवाज उतरतो, आणि कडक साडीचा पदर त्यावर घासला की खरखर. पण खरी अडचण डोळ्यांची. प्रॉम्प्टर (कॅमेऱ्यापुढे मजकूर सरकवत दाखवणारा पडदा) नसताना वाक्याचा शेवट डोक्यात धरून मान वर करायची आणि तो कॅमेऱ्याकडे बघत बोलायचा. रेडिओचा माणूस चुकतो तो इथे: मान वाक्याच्या मध्येच वर करतो, परत खाली येतो तेव्हा ओळ हरवलेली असते. प्रॉम्प्टर आला तरी ओळ लांब असली की बुबुळं डावीकडून उजवीकडे धावताना दिसतात. उपाय साधा आहे: ओळीत चार-पाचच शब्द ठेवायचे आणि कॅमेरा थोडा मागे घ्यायचा.

समालोचनात मात्र सगळंच उलटंपालटं होतं, आणि मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जसदेव सिंग यांचं हिंदी हॉकी समालोचन घ्या. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा देशाने तो सामना कानांनी पाहिला. हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला काही सेकंदांत जातो. रेडिओवर क्रम ठरलेला: चेंडू कोणाकडे, मैदानाच्या कोणत्या भागात, कोणत्या दिशेने, मग पास कोणाला. यातली दिशा सांगायची राहिली की ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं मैदान मोडतं आणि पुढची दोन वाक्यं वाया जातात. दर दोन-तीन मिनिटांनी गोलसंख्या आणि उरलेला वेळ सांगायचाच, कारण कोणीतरी नुकताच रेडिओ लावलेला असतो.

टीव्हीवर या क्रमातलं जवळजवळ सगळं पडद्यावर असतं. उरतं ते एवढंच: खेळाडूचं नाव, आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते. क्रिकेटमध्ये हे आणखी ठळक होतं. आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत रुळवण्यात बाळ ज. पंडित यांचा मोठा वाटा. त्या माध्यमात गोलंदाजाची धाव, क्षेत्ररक्षकांच्या जागा, फलंदाजाने खेळपट्टीवर बॅट आपटली हेसुद्धा सांगावं लागतं, कारण दोन चेंडूंमधला अर्धा-पाऊण मिनिट भरायचा असतो. टीव्हीवर मात्र गोलंदाज धावायला लागला की थांबायचं, चेंडू पडू द्यायचा, प्रेक्षकांचा आवाज ऐकू द्यायचा, आणि रिप्ले सुरू झाल्यावर फलंदाजाचा पाय कुठे होता ते सांगायचं. ‘चेंडू सीमारेषेपार’ हे वाक्य टीव्हीवर फुकट जातं. बघणाऱ्याने ते आधीच पाहिलेलं असतं. मुरलेला रेडिओवालाही सुरुवातीला तिथेच अडखळतो, आणि त्याला दोष देऊ नये. इतकी वर्षं गप्प बसणं म्हणजे त्याच्या लेखी कामचुकारपणा होता.

जसदेव सिंग दोन्हीकडे टिकले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचं वर्णन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. अशा कामाची तयारी वेगळी असते: प्रत्येक पथकाला एक कार्ड, कार्डं संचलनाच्या क्रमाने लावलेली, आणि शेवटी चार-पाच जादा कार्डं. पथक रेंगाळलं तर रेडिओवर ही जादा कार्डं जीव वाचवतात; टीव्हीवर त्यातलं एखादंच वाचावं आणि बाकीचं संचलनाच्या बँडच्या वादनावर सोडावं.

काही आवाज तर चेहऱ्याशिवायच मोठे झाले. अमीन सयानी यांची गीतमाला, म्हणजे लोकप्रिय हिंदी गाण्यांची क्रमवारी, ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली; ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप कोलंबोला जायच्या. गाण्याच्या क्रमांकाला त्यांनी ‘पायदान’, म्हणजे पायरी, म्हटलं. या एका शब्दाने ऐकणाऱ्यासमोर जिना उभा राहिला आणि गाणं वर चढताना दिसू लागलं. पडद्यावर खराखुरा जिना दाखवला असता तर त्याची सगळी जादू गेली असती. त्यांचे थोरले भाऊ हमीद सयानी यांनी १९७२ पासून बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा रेडिओवर घेतली, १९७५ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती अमीनभाईंकडे आली. रेडिओवर प्रत्येक उत्तराआधी मुलाचं आणि शाळेचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर कोण बोललं ते कळत नाही. १९९२ मध्ये कार्यक्रम झी टीव्हीवर गेला आणि सूत्रधार डेरेक ओब्रायन झाले. आता मूल बझर दाबताना, ओठ चावताना दिसत होतं, आणि उत्तराआधीची शांतताच सगळ्यात रंगतदार ठरली.

उलटा प्रवासही झाला आहे. इंग्लंडचे ब्रायन जॉन्स्टन बरीच वर्षं बीबीसीच्या टीव्हीवर क्रिकेट सांगत होते. १९७० मध्ये तिथून वगळल्यावर ते पूर्णवेळ रेडिओच्या समालोचनात आले आणि तिथे अधिक खुलले. गप्पांना जागा होती, पाऊस पडला तरी बोलायचंच होतं.

टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओचं समालोचन लावायची सवय बऱ्याच घरांत होती. डिजिटल प्रक्षेपणात चित्र काही सेकंद मागे राहतं, त्यामुळे षटकार आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्यातल्या त्यात बरा तोडगा म्हणजे आकाशवाणी ॲपवर ऐकायची: तोही आवाज उशिराच येतो, आणि सेट टॉप बॉक्सवर पॉझ करण्याची सोय असेल तर जो मागे आहे त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबवून दोघांना जुळवता येतं.