ड्रॉइंगच्या यादीतून गळालेला सामाईक फोल्डर : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी संगणकाचे काम पाहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये महामार्गावर शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी आले आणि वाहतूक थांबली, तेव्हा कास्टिंगची (ओतीव भागांची) सगळी ड्रॉइंग कारखान्यातल्या एकाच संगणकात होती. तेव्हापासून आमचा शिरस्ता आहे, की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकण्याआधीच ड्रॉइंगची ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क गावातल्या उंच भागात न्यायची. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही. प्रत घेण्याचे आणि तिची यादी छापण्याचे काम मी पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम करतो. यंदा मे महिन्यात ती यादी पॅटर्न शॉपमधल्या (साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या विभागातल्या) मिस्त्रीमामांपुढे ठेवली. त्यांनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवले आणि म्हणाले, "ताई, पंपाच्या बॉडीचा कोअर बॉक्स ह्यात कुठंच न्हाई."

कोअर बॉक्स म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवण्याचा साचा. त्याचे ड्रॉइंग यादीत खरोखरच नव्हते, आणि ते एकटेच गळालेले नव्हते. अनेक ग्राहकांना लागणारी ड्रॉइंग आम्ही दुसऱ्या डिस्कवर एकाच ठिकाणी ठेवतो आणि प्रत्येक ग्राहकाच्या फोल्डरमध्ये तिकडे जाणारी 'सामाईक' नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या ठिकाणाचा फक्त पत्ता सांगणारी खूण, असते. माउसने उघडले की तो साधा फोल्डरच वाटतो. पायथॉनच्या 'ओएस' मोड्यूलमधले (तयार आज्ञांच्या संचातले) 'वॉक' हे फंक्शन फोल्डरांतून फिरताना प्रत्येक ठिकाणी आतल्या फोल्डरांची आणि फायलींची नावे हाती देते. एका ग्राहकापुरती ती नावे छापून पाहिली, तेव्हा फोल्डरांच्या नावांत 'सामाईक' होते, पण त्याच्या आतली एकही ओळ पुढे आली नाही. फोल्डरकडे नेणारी लिंक 'वॉक' फोल्डर म्हणूनच मोजते, मात्र 'फॉलोलिंक्स' हा पर्याय मुद्दाम चालू केल्याशिवाय तिच्या आत पाऊल टाकत नाही, आणि हे सांगणारी सूचनाही देत नाही. त्याच पायथॉनमधल्या, नमुन्यावरून फायली शोधणाऱ्या 'ग्लोब'ला दोन चांदण्यांचा (**) नमुना आणि आतल्या सगळ्या थरांत शोधायला लावणारा 'रिकर्सिव्ह' पर्याय दिला, तर तो लिंकच्या आत गेला. 'पाथलिब' या दुसऱ्या मोड्यूलमधल्या, तसाच शोध घेणाऱ्या 'आरग्लोब'ने मात्र लिंक बाहेरूनच सोडली. एकाच भाषेने एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे पाहून मी पुढचे सगळे हाताने तपासायचे ठरवले.

'फॉलोलिंक्स' चालू करून संध्याकाळी घरी गेले. सकाळी आले, तरी यादी वाढतच होती आणि एकेका ओळीत 'सामाईक' हे नाव दहा-बारा वेळा आले होते. कोणीतरी सोयीसाठी सामाईक फोल्डरमध्ये 'मूळ' नावाची लिंक करून ठेवली होती आणि ती ड्रॉइंगच्या मुख्य फोल्डरकडे परत नेत होती. आपण कोणत्या फोल्डरात जाऊन आलो, याची नोंद 'वॉक' ठेवत नाही.

हे नीट कळावे म्हणून मी एक रिकामा फोल्डर घेतला, त्यात एक फाइल आणि त्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी एक लिंक ठेवली आणि प्रोग्राम चालवला. ती एकच फाइल 41 वेळा छापली गेली : एकदा सरळ आणि 40 वेळा लिंकमधून. लिनक्स (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) एका मार्गात जास्तीत जास्त 40 लिंका उलगडतो, त्यापुढे चूक कळवतो, आणि ती चूक 'वॉक' परस्पर गिळून टाकते. आमच्या खऱ्या फोल्डरांत एका फेरीला दोन लिंका लागत असल्यामुळे वीस फेऱ्यांना मुभा होती, परंतु प्रत्येक फेरीत सगळ्या ग्राहकांच्या वाटा पुन्हा नव्याने फुटत होत्या. तो प्रोग्राम आठवडाभर चालवूनही संपला नसता.

उपाय मला ठाऊक होता, तरी तो दोनदा चुकला. प्रत्येक फोल्डरचा आयनोड क्रमांक (डिस्कवर त्याला मिळालेला ओळख क्रमांक) एका संचात टिपून ठेवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर आत जायचे नाही, असे मी लिहिले, आणि सामाईक फोल्डर पुन्हा गळाला. आमच्या दोन्ही डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत ईएक्सटी4 ही आहे, ड्रॉइंग एकीच्या मुळाशी आहेत आणि सामाईक फोल्डर म्हणजे दुसरीचे मूळच आहे; या पद्धतीत डिस्कच्या मुळाचा आयनोड नेहमी 2 असतो. आयनोड आणि डिस्कचा क्रमांक अशी जोडी टिपल्यावरच ते दोन फोल्डर वेगळे ठरले. दुसरी चूक अधिक साधी होती आणि तिने माझी एक दुपार घेतली. नको असलेले फोल्डर गाळून मी त्याच नावाने नवी यादी तयार करत होते, परंतु 'वॉक'च्या हातात जुनीच यादी राहत होती. त्याच यादीच्या आत बदल करावा लागतो, तरच फेरफटका आखडतो.

आता सामाईक फोल्डर प्रतीत एकदाच येतो. बाकीच्या ग्राहकांच्या लिंका जशाच्या तशा उतरवता आल्या नाहीत, कारण बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीची आहे आणि तिच्यावर सिम्बॉलिक लिंक राहत नाही. म्हणून कोणती लिंक कुठे नेते, हे पायथॉनच्या 'रीडलिंक' या फंक्शनने वाचून प्रोग्राम एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी यादी मिस्त्रीमामांना दिली. कोअर बॉक्स सापडल्यावर त्यांनी त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली आणि लगेच पुढचे पान उलटले. लिंकांच्या नोंदीत दोन लिंका अशा निघाल्या, की त्या दाखवतात ते फोल्डर आता अस्तित्वातच नाहीत. त्यांत कोणती ड्रॉइंग होती, हे आम्ही दोघे जुन्या छापील प्रतींवरून शोधत आहोत.