खाज गेली, पण बीपी पडला होता

आमच्या भागात अंगाला काही झालं की अविल, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी. गांधीलमाशी चावली, गाजर गवतानं हात खाजले, सर्दी झाली, अगदी रात्री झोप लागत नाही म्हणूनही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी आहे, गावाच्या भाषेत गोळ्यावाली मॅडम. या एका गोळीवर लोकांचा जेवढा भरवसा आहे, तेवढा आमच्या कपाटातल्या दुसऱ्या कशावरच नाही. तो कुठवर पुरतो, ते मार्चअखेरीस एका सकाळी दिसलं.

मोहफुलांचे दिवस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. धूर वरच्या आग्या मोहोळाला लागला आणि माशा खाली आल्या. बाकीचे पळाले, पन्नाशी ओलांडलेल्या एका काकांना पळता आलं नाही. आमच्याकडे ऑटोतून आणलं तेव्हा मध्ये बराच वेळ गेलेला, कारण वाटेत एका दवाखान्यात थांबून इंजेक्शन घेऊन झालं होतं. सून सांगत होती, "तिथं अविल आन् डेक्सोना देल्लं जी. पह्यले लय खाजवत होते, आता खाज बसली. मामाजी झोपले बी."

मानेवर, कानामागे काटे तसेच होते, वरून चुना फासलेला. गांधी खरंच बसत आल्या होत्या. पण सदरा घामानं ओला आणि हात थंडगार. डॉक्टरांनी बीपी घेतला, वरचा आकडा ७०. नाडी ७८. "ही नाडी पटत नाही," एवढंच ते म्हणाले. बीपी इतका खाली गेल्यावर हृदय जिवाच्या आकांतानं पळायला हवं, नाडी सव्वाशेच्या पुढे हवी. इथे ती जेवून बसलेल्या माणसासारखी निवांत.

मी ट्रे उघडला, अ‍ॅड्रेनॅलिनचं अ‍ॅम्प्युल फोडलं. अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, सलाईन पूर्ण उघडून सोडलं. काका मध्येच जागे झाले, लघवीला जातो म्हणून उठायला लागले. डॉक्टरांनी खांदे धरून झोपवलं. अशा वेळी माणूस झटक्यात उभा राहिला तर हृदयाकडे रक्तच परत येत नाही, आणि तिथेच खेळ संपू शकतो.

मधमाशीच्या विषानं शरीरातल्या मास्ट पेशी फुटतात आणि साठवलेलं हिस्टामिन नावाचं रसायन एकदम बाहेर पडतं. ते स्वतः काही करत नाही, पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे ठरलेल्या जागेवर, बसेल तसं काम होतं. एच१ नावाच्या रिसेप्टरवर बसलं की खाज, गांधी, श्वासनळ्या आवळणं, रक्तवाहिन्या सैल पडून त्यातलं पाणी बाहेर झिरपणं. अविल म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल: मागून येणाऱ्या हिस्टामिनला ती जागा मिळत नाही, इतकंच. जे आधीच झिरपलं ते अविल परत रक्तवाहिनीत आणत नाही. शिवाय मास्ट पेशीतून ल्युकोट्राइनसारखी इतर रसायनंही सुटतात, त्यांचा एच१ शी संबंधच नाही. अ‍ॅड्रेनॅलिनची तऱ्हा वेगळी. ते आपल्या स्वतःच्या रिसेप्टरवर बसून बरोबर उलटं काम करतं, वाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनळ्या उघडतं, वर मास्ट पेशींनाही आवर घालतं. खाज लवकर थांबते, दिसतेही. बीपी दिसत नाही. म्हणून सगळे फसतात.

पाच मिनिटांनी बीपी ७६. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे का यांना?" तिनं पिशवीतून अर्धी संपलेली स्ट्रिप काढली. अ‍ॅटेनोलॉल. निवांत नाडीचं कोडं तिथेच सुटलं. अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाच्या ज्या रिसेप्टरवर बसतं, नेमके तेच ही गोळी अडवून धरते. अशा वेळी ते रिसेप्टर टाळून हृदयाला जोर देणारं ग्लुकॅगॉन उपयोगी पडतं, पण ते आमच्या ट्रेमध्ये कुठलं असणार! अ‍ॅड्रेनॅलिनचा दुसरा डोस आणि सलाईनची दुसरी बाटली, एवढंच हाताशी होतं. त्यानंतर मात्र आकडा ९० वर आला, मग १०४. हात गरम लागायला लागले.

मग डॉक्टरांनी रॅनिटिडीन मागितलं. सुनेचा दीर तोवर पोचला होता, तो सगळं बारकाईनं पाहत होता. "हे तं अ‍ॅसिडिटीचं हाय नं मॅडम? माशी चावल्यावर काहून देता?" प्रश्न रास्त होता. पहिली अँटिहिस्टामिनं, म्हणजे अविलसारखी हिस्टामिन अडवणारी औषधं, शोधणाऱ्या बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं, पण ती औषधं जठरातल्या आम्लाला हातही लावत नव्हती. म्हणजे हिस्टामिनची दुसरी कुठली तरी जागा आहे, हे जेम्स ब्लॅक यांनी धरून ठेवलं. ती जागा एच२, आणि त्यातून पुढे सिमेटिडीन, रॅनिटिडीन आली. १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. एच२ जठरात आहे, तसाच रक्तवाहिन्यांतही आहे, म्हणून इथे जोडीला देतात. त्याला मी नोबेल सांगत बसले नाही, "रक्ताच्या नळ्यांसाठी बी चालते" म्हटलं. (एच३ मेंदूत आणि एच४ पांढऱ्या पेशींवर, पण त्यांचं औषध आमच्या कपाटात नाही.)

काका पुन्हा झोपले तशी सून घाबरली. बेशुद्ध पडले की काय! डॉक्टरांनी परत बीपी घेतला, ११० वर ७०. ही झोप अविलची होती. मेंदूत हिस्टामिन एच१ वरच बसून आपल्याला जागं ठेवतं, आणि अविल मेंदूत शिरतं. पण अशा पेशंटमध्ये ही झोप घात करते, कारण बीपी पडून आलेली गुंगीही हुबेहूब अशीच दिसते. फरक मशीनच सांगतं.

१०८ आली, त्यांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. काही तासांनी हे सगळं पुन्हा उसळू शकतं, आणि आमच्याकडे रात्रभर लक्ष ठेवायला माणसं नाहीत.

पुढच्या आठवड्यात काका चालत आले. मोहाखाली जाऊ का नको, हे विचारायला. डॉक्टर म्हणाले, जा, पण पाला पेटवू नका, झाडून काढा. "खराट्यानं कवा व्हाव थे," काका पुटपुटले. अ‍ॅटेनोलॉल बंद करून बीपीचीच दुसरी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली होती. मी स्ट्रिप हातात देताना सांगितलं, हिच्यानं कधी कधी घोटे सुजतात, सुजले तर पंधरा दिवस वाट पाहू नका, दाखवायला या.