मॉरिस मायनरला पद्मिनीचे वायरिंग

एका बनावटीच्या गाडीचे वायरिंग दुसऱ्या बनावटीच्या गाडीत बसवणे अनेक जाणकारांना रुचत नाही, आणि मूळ नमुन्याबरहुकूम, सुती वेष्टनात गुंडाळलेला हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) इंग्लंडहून मागवणे ज्याला परवडते त्याने तोच मागवावा हे मलाही मान्य आहे. मात्र १९५०च्या दशकातली मॉरिस मायनर पुण्यात चालती ठेवायची असेल, तर हाताशी आहे त्यावर भागवण्याची तयारी लागते. मला नाना पेठेत प्रीमियर पद्मिनीचा न वापरलेला वायरिंग सेट मिळाला. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आणि दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या असल्यामुळे तो जुळवून घेता येईल असे दिसत होते.

ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मदतीने हे काम केले, त्यांचे पहिले वाक्य होते, "साहेब, वायर ती वायर, रंगाला काय विचारायचं?" ते अर्धे बरोबर होते. मायनरमध्ये ल्यूकस या ब्रिटिश कंपनीचे विद्युत साहित्य असते. ल्यूकसच्या पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते, पांढरी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, हिरवी म्हणजे त्याच पांढरीचा फ्यूजनंतरचा भाग, निळी हेडलाइटची, लाल साइड आणि टेललाइटची, तर काळी अर्थिंगची. पद्मिनी मूळची फियाट, आणि फियाटच्या घराण्यातल्या हार्नेसला हे अर्थ लागू होत नाहीत. तिथे टर्मिनलवरचे आकडे वाचावे लागतात. ३० म्हणजे बॅटरी, १५/५४ म्हणजे किल्लीनंतरचा पुरवठा, ५० म्हणजे सेल्फ. म्हणून आम्ही पकड हातात घेण्याआधी मायनरचा आराखडा समोर ठेवला, प्रत्येक वायरीचे काम कागदावर लिहिले आणि पद्मिनीच्या सेटमधल्या वायरींना रंगावरून नव्हे तर त्या कामावरून चिठ्ठ्या लावल्या. आराखडा ज्या गाडीत वायरिंग बसायचे तिचाच राहिला पाहिजे, हार्नेसने फक्त तांबे पुरवावे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक विचार कटआउटपाशी, म्हणजे डायनॅमोचे चार्जिंग सांभाळणाऱ्या नियंत्रक पेटीपाशी, करावा लागला. मायनरवरील ल्यूकसच्या आरबी १०६ नियंत्रक पेटीला ए, ए१, एफ, डी आणि ई अशी टर्मिनल असतात. डायनॅमोची जाड वायर डीला आणि फील्डची बारीक वायर एफला लागते. फियाटच्या पद्धतीत यांनाच ५१ आणि ६७ असे आकडे असल्यामुळे एवढी जुळणी सोपी आहे. अडचण पुढे येते. फियाटच्या नियंत्रकातून बॅटरीकडे ३० क्रमांकाची एकच वाट निघते, तर आरबी १०६मध्ये बॅटरी एला आणि दिवे, इग्निशन वगैरे भार ए१ला जोडायचा असतो, कारण भाराचा प्रवाह पेटीतल्या काही जादा वेढ्यांतून जातो आणि त्यावरून पेटीला डायनॅमोकडून किती काम घ्यायचे ते कळते. सगळ्या वायरी एलाच लावल्या तरी गाडी सुरू होते, दिवेही लागतात. पण हा हिशेब चुकतो आणि रात्रीच्या प्रवासात बॅटरीचे चार्जिंग कमी पडते. आम्ही ३०ची वाट नियंत्रकापाशीच दुभागली आणि भाराची शाखा ए१वर आणली.

अर्थिंगच्या बाबतीत लोक विनाकारण घाबरतात. त्या काळच्या मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला असते, तर पद्मिनीत ऋण टोक. परंतु हार्नेसला स्वतःची ध्रुवता नसते. ती डायनॅमोला, कॉइलला, रेडिओला आणि इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना असते. मी मूळची धन अर्थिंगच ठेवली. ज्यांना ती बदलायची असेल त्यांनी डायनॅमोला नव्याने ध्रुवता द्यावी आणि कॉइलच्या एसडब्ल्यू व सीबी या टोकांवरील वायरींची अदलाबदल करावी. ध्रुवतेपेक्षा मला चिंता नव्या रंगाची होती. रंगकाम नुकतेच झालेल्या बॉडीवर दिव्याचा स्क्रू घट्ट बसतो, पण रंगाच्या थरामुळे अर्थ मिळत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर दिली.

फ्यूजच्या बाबतीत मात्र मी मूळ आराखडा सोडला. मायनरला ३५ अँपिअरचे दोनच फ्यूज असतात आणि हेडलाइट त्यांच्या संरक्षणाबाहेर राहतात. फियाटच्या फ्यूजपेटीत ८ अँपिअरच्या फ्यूजांच्या अनेक वाटा असतात. ६० वॉटचा एक बल्ब ५ अँपिअर घेतो, तेव्हा डावा आणि उजवा दिवा वेगवेगळ्या फ्यूजवर सहज चालतो. दोन्ही दिव्यांना मिळून लागणारे १० अँपिअर ज्या वायरीतून जातात, ती १ चौरस मिलिमीटरची असेल तर ४ मीटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात; २ चौरस मिलिमीटरची असेल तर निम्मे. त्यामुळे ती वाट जाड वायरीचीच ठेवली.

उरलेले काम लांबीचे होते. माझ्या मायनरचा स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मध्यभागी, पद्मिनीचा चालकासमोर, तेव्हा मीटरच्या दिव्यांची फांदी वाढवली. पद्मिनीत दिव्यांचा डिपर स्टिअरिंगखालच्या दांडीवर असतो, मायनरमध्ये तो पायाशी असतो. ती फांदी ग्रोमेटमधून (भोकात बसवायच्या रबरी कड्यातून) खाली उतरवली. मायनरचा सेल्फ ओढायच्या नॉबने चालतो, त्यामुळे ५०ची वायर टोकाला स्लीव्ह घालून बंद केली. दरवाज्यामागच्या खांबातले ट्रॅफिकेटर, म्हणजे वळण्याची दिशा दाखवायला बाहेर येणारे जुने दिव्याचे हात, मी काढले नाहीत. ते हात बाहेर टाकून स्थिर राहायला हवेत, म्हणून त्यांचा पुरवठा फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करणारा भाग) टाळून नेला. हा भाग कोणीही विसरेल असा आहे, कारण सेटमध्ये इंडिकेटरची वाट फ्लॅशरमधूनच येते.

जोड शक्यतो क्रिम्प केलेल्या, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवलेल्या, थिंबलांचे ठेवले. बॅटरी जोडताना तिच्या वायरीत २१ वॉटचा बल्ब मालिकेत घातला. सगळी बटणे बंद असताना तो प्रखर पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे आणि पुढे जाऊ नये. आमचा बल्ब विझलेलाच राहिला. साइड लाइट लावल्यावर मंद उजळला. त्यानंतर एकेक वाट तपासून झाली आणि मगच हार्नेस टेपने बांधला. ही टेप बिनगोंदाची घ्यावी, कारण चिकट टेपचा गोंद बोनेटखालच्या उष्णतेने पाझरतो आणि पुढे कधी एखादी फांदी उघडायची झाली, तर वायरींवरच्या चिठ्ठ्याही वाचता येत नाहीत.