१४४-ए, ब्राउनलो हिल

जन्मदाखला लिव्हरपूलचा, १९०८चा. वडिलांचा रकाना कोरा, आई घरकामाची मोलकरीण, जन्मस्थळ '१४४-ए, ब्राउनलो हिल'. दाखला घेऊन आमच्या अभिलेखागारात आलेल्या नातीला एवढंच विचारायचं होतं: आजी जन्मली ते घर अजून उभं आहे का? तिथे घर कधीच नव्हतं. तो शहरातल्या वर्कहाऊसचा, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहाचा पत्ता.

१९०४ साली रजिस्ट्रार जनरलने, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या प्रमुखाने, सूचना काढली की दाखल्यावर 'वर्कहाऊस' न लिहिता नुसता रस्त्याचा पत्ता द्यावा. बाळाच्या माथी जन्मभराचा डाग नको, हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण घराण्याचा शोध घेणारे आज नेमके तिथेच अडतात.

अशा वेळी वर्कहाऊसमध्ये कोण कधी आलं-गेलं ती दाखल-सोडीची वही आधी उघडू नये. ती तारखेनुसार चालते, नावावरून काही सापडत नाही. आधी धर्मनोंदवही घ्यावी, म्हणजे आश्रितांचा धर्मपंथ लिहिलेली वही. १८६८च्या कायद्याने ती सक्तीची झाली आणि ती आडनावाच्या आद्याक्षरानुसार लावलेली असते. तिथे दाखल तारीख मिळाली की मगच दुसरी वही. वयावर भरवसा ठेवू नये, दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचाच. आडनाव आयरिश असेल तर कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून त्याची सगळी रूपं तपासावी लागतात. बाई आधीही येऊन गेलेली असू शकते, तेव्हा पहिल्या नोंदीवर थांबू नये.

आमची नोंद तासाभरात सापडली. बाळंतपणाच्या अकरा दिवस आधी दाखल. पुढे एक अरुंद रकाना, 'दाखल झाल्यानंतरचं पहिलं जेवण', आणि त्यात 'रात्रीचं'. शिधा मोजण्यासाठी ठेवलेला हा रकाना. पण त्यावरून कळलं की ती दुपारचं जेवण उरकल्यावर दारात आली होती. खाली वेगळ्या ओळीत बाळ, 'इथेच जन्म'. दोघी एकाच दिवशी बाहेर पडल्या.

नातीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आजीची आई भिकेला लागली होती. तसं समजू नये. देणगीवर चालणारी इस्पितळं अनेकदा देणगीदाराची चिठ्ठी मागत, आणि कुमारी मातेला बऱ्याच प्रसूतिगृहांची दारं बंद असत. मोलकरणीची तर नोकरीबरोबर राहायची जागाही जाई. अशा बाईला बाळंतपणाची खाट मिळायची ती वर्कहाऊसच्या इस्पितळातच. आणि ब्राउनलो हिलचं इस्पितळ ऐरंगैरं नव्हतं. लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी खर्च उचलला आणि १८६५ साली ॲग्नेस जोन्स शिकलेल्या परिचारिका घेऊन इथे आल्या. त्याआधी वर्कहाऊसमधल्या बायकाच रोग्यांचं पाहत. तीन वर्षांत जोन्स टायफसने गेल्या. १८९७च्या आदेशाने तर आश्रितांकडून शुश्रूषेचं काम करून घ्यायला देशभर बंदी आली, फक्त पगारी माणसाच्या देखरेखीखाली हाताखालचं काम तेवढं चालायचं. म्हणजे १९०८ साली ही बाई ज्या वॉर्डात बाळंत झाली, तिथे पगारी परिचारिका होत्या.

ती इमारत १९३१ साली पाडली. आता तिथे रोमन कॅथलिक कॅथीड्रल आहे. नातीने पत्ता विचारला तेव्हा मी तेच सांगितलं. अभिलेखागारापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. पुढचं काम बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, कारण धर्मनोंदवहीत बाळापुढे 'कॅथलिक' लिहिलंय आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या बाजूने उभं राहणाऱ्या धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं नाव असतं. त्या बाईच्या ओळखीचं एखादं माणूस तिथे सापडण्याची शक्यता आहे.