तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅप असताना रेडिओ कशाला?

गणपतीला आलेला प्रत्येक चाकरमानी माझ्या ओटीवरचा रेडिओ बघून हेच विचारतो. "न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर आकाशवाणीची सगळी केंद्रं लागतात, 2024 पासून प्रसार भारतीचं वेव्ज अ‍ॅपही आलंय. मग हे कशाला सांभाळताय?"

मी अ‍ॅपच्या विरोधात नाही. मस्कतला असलेला माझा भाऊ रोज रत्नागिरी केंद्र ऐकतो ते अ‍ॅपमुळेच. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात आमच्या घरी रेडिओवर ते केंद्र 1143 किलोहर्ट्झवर लागतं, पण इन्व्हर्टर चालू झाला की नुसती खरखर येते. म्हणून तर अ‍ॅपच ऐका म्हणून मीच अण्णांच्या मागे लागलो होतो. त्यांची एकच तक्रार होती: अ‍ॅपवरच्या बातम्या काही सेकंद मागे येतात, घड्याळ कसं लावू? मी म्हटलं, आता कोण रेडिओवर घड्याळ लावतं? 2019 च्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा ट्रान्झिस्टर मी भंगारात दिला. त्यांना न विचारता.

मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ.

सकाळी फोनवर बातम्या येत होत्या. वादळ अलिबागच्या बाजूला सरकतंय, एवढं कळलं. मग वीज गेली. थोड्या वेळाने रेंजही गेली. पोफळी मधोमध मोडत होत्या, कौलं उडून अंगणात पडत होती आणि अण्णा माजघरात बसून विचारत होते, "कुठवर आलं रे?" मी फोन वर धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. स्क्रीनवर नुसतं ते गोल चक्र. "कुठवर आलं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

रेडिओचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते अंथरुणात नव्हते. आडव्या पडलेल्या माडांवरून, गुडघे दुखत असताना, ते शेजारच्या काकांच्या पडवीत जाऊन बसले होते. काकांकडे दोन सेलचा रेडिओ होता. पुण्याहून येणाऱ्या 7.10 च्या प्रादेशिक बातम्या चालू होत्या. अण्णांनी कान रेडिओला जवळजवळ टेकवला होता. "दापोली" शब्द आला तसा त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मी दारातच थांबलो. मला आत जाववलं नाही.

भाऊ म्हणतो, वादळ काय रोज येतं? खरं आहे. प्रक्षेपक चालवायला वीज लागते, माणसं लागतात, आणि ऐकणारे कमी झालेत हेही खरं. पण मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते, आणि तो बंद पडला तर त्याच्या आसऱ्याची सगळी गावं एकदम बहिरी होतात. लांबचा एक प्रक्षेपक चालू असेल तर दोन सेलवर बातमी घरात येते. दूरदर्शनचे जुने प्रक्षेपक बंद झाले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं का? तेव्हाचा मी म्हणेन, नाही. आजही मी त्याला पुरता खोडून काढू शकत नाही, कारण एरवी सकाळी मी स्वतः अ‍ॅपच लावतो.

हा ओटीवरचा रेडिओ मी त्याच पावसाळ्यात आणला. अण्णांनी तो दोन वर्षं ऐकला. आता ते नाहीत. मे संपत आला की मी सेल बदलतो आणि 7.10 ला एकदा लावून बघतो.