टोकन देण्याआधी वकिलांकडे

मुलुंडमधली पुनर्विक्रीची सदनिका पसंत पडली त्याच संध्याकाळी, दलालाच्या आग्रहाखातर, मी एक लाख रुपये टोकन देऊन मोकळा झालो आणि वकिलांकडे गेलो तो आठवडाभराने. त्यांनी पावती वाचून विचारले, ‘व्यवहार मोडला तर हे पैसे परत मिळतील, असे यात कुठे लिहिले आहे?’ कुठेच लिहिलेले नव्हते.

गृहकर्ज देणारी बँक कागदपत्रे तपासतेच, मग वेगळे शुल्क कशाला, असाही माझा हिशेब होता. परंतु बँकेचा वकील बँकेचे तारण पाहतो; ताबा कधी मिळणार, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, पार्किंग कागदावर आहे की नुसते तोंडी, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

मी मोबाइलवर कागदांची सुटी छायाचित्रे पाठवत होतो. वकिलांनी ती बाजूला ठेवली आणि बिल्डरच्या पहिल्या करारापासूनचे सर्व करार, प्रत्येकाची नोंदणी पावती व इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी) तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावून आणायला सांगितले. ते लावतानाच माझ्या ध्यानात आले की विक्रेत्यांच्या नावाचा करारच नाही; वडील वारल्यावर नॉमिनी म्हणून त्यांचे नाव शेअर सर्टिफिकेटवर चढले होते.

दलालाच्या मते नॉमिनी म्हणजे मालकच. वकिलांनी समजावले की सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर केले, तरी इतर वारसांचा हक्क त्याने संपत नाही, आणि असे हस्तांतर सोसायटीवर बंधनकारक ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतरही वारसांचा दावा खुलाच राहतो. विक्रेत्यांची आई आधीच गेलेली होती, पण नागपूरला एक विवाहित बहीण होती. हे मला पहिल्याच भेटीत चहा घेताना कळले होते आणि व्यवहार अडेल या भीतीने मी ते वकिलांपासून लपवले होते. आपल्याच वकिलाशी अशी लपवाछपवी करण्याइतका मूर्खपणा दुसरा नसेल. अखेर बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवून घेतल्यावरच आमचा करार झाला.

दरम्यान दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध झाला आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन चौदा दिवस हरकतींची वाट पाहिली. शंका रोज फोनवर विचारण्याऐवजी मी आठवड्यातून एकदा ईमेलने पाठवू लागलो, तेव्हा उत्तरेही लेखी आणि नेमकी मिळू लागली. मुद्रांक शुल्काचा प्रश्न मात्र मी उशिरा विचारला: मुंबईत ते सहा टक्के, पण फक्त स्त्रीच्या नावे घर घेतल्यास एक टक्का कमी. आमच्या करारात तोवर दोघांची नावे पडली होती.

पार्किंगचा उल्लेख सोसायटीच्या कोणत्याच कागदात सापडला नाही. वकिलांच्या सांगण्यावरून आम्ही किंमत दोन लाखांनी कमी करून घेतली आणि त्यांचे शुल्क त्यातूनच दिले.